कॅझ झग्रोडनिक खाली उतरतो

आमच्या हॅडवेलमध्ये कॅझ झग्रोडनिकचं कुठल्याही बाबतीत काय म्हणणं आहे हे कोणालाच ठाऊक नाही. खरं तर गावातल्या बहुतेक घरांच्या तळघरात जाऊन आलेला हा माणूस. घर तापवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या दुरुस्त करण्यात त्याची उभी हयात गेली. तळघरात माणसं मोकळी बोलतात. वरच्या मजल्यावर जो गृहस्थ हवामानापलीकडे जात नाही, तोच खाली धुण्याच्या यंत्राला टेकून शाळेच्या बजेटचा उद्धार करतो. कॅझ भट्टीत डोकं घालून सगळं ऐकतो, मधूनमधून "हं" म्हणतो, आणि त्या "हं"चा अर्थ होकार, नकार की आत काजळी साचलीय, हे आजवर कोणाला उलगडलेलं नाही.

याला कारण त्याचं दुसरं काम. कॅझ गावसभेचा सभापती आहे. आमच्याकडे वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या एका शनिवारी, सगळं गाव शाळेच्या जिममध्ये जमतं आणि आपला कारभार आपणच ठरवतं. रस्ते किती डांबरायचे, शाळेला किती द्यायचं, दफनभूमीतलं गवत कापायला नवं यंत्र घ्यायचं की जुन्यालाच तेल घालायचं. महापौर नाही, नगरसेवक नाहीत. रोजचं बघायला पाच पंच आहेत, पण शेवटचा शब्द त्या लोखंडी घडीच्या खुर्च्यांवर अवघडून बसलेल्या माणसांचा. स्टेजवर लाकडी हातोडी घेऊन बसलेला सभापती त्या दिवसापुरता राजा असतो. या राजाला एकच गोष्ट मना आहे. त्याने स्वतःचं म्हणणं सांगायचं नाही.

शिवाय सभेत कोणी कोणाशी थेट बोलायचं नाही, जे काय असेल ते सभापतींमार्फत. त्यामुळे एकमेकांना लागून राहणारे दोन शेजारी उभे राहतात आणि दोघंही कॅझकडे बघून भांडतात. "सभापतींमार्फत विचारतो, ज्या माणसाला स्वतःच्या घराचं कुंपण सरळ घालता येत नाही त्याने रस्त्याच्या आखणीवर बोलावं का?" दुसरा म्हणतो, "सभापतींमार्फत सांगतो, कुंपण सरळ आहे, बघणाऱ्याची मान वाकडी आहे." सत्तावीस वर्षं गावाचा सगळा राग कॅझमधून आरपार गेला. पाइपातून पाणी जातं तसा. पाइपाला कोणी विचारत नाही की बाबा, तुला तहान लागलीय का.

तो सभापती झाला त्याची कथा गावात अजून सांगतात. आधीचे सभापती, मोठ्या जुन्या घराण्यातले एक गृहस्थ, ऐन सभेच्या आठवड्यात छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले. तेव्हा सभा मार्चमध्ये असायची. सभापती कोणाला करावं यावर जिममध्ये तासभर कालवा चालला होता, आणि तेवढ्यात शाळेची भट्टी बंद पडली. लोक कोट घालून भांडू लागले. कॅझ तेव्हा पंचेचाळिशीचा. तो तळघरातून काळे हात घेऊन वर आला, स्टेजच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला की दहा मिनिटांत ऊब येईल, तोवर सगळ्यांनी दारं बंद ठेवा. लोकांनी उठून खरंच दारं बंद केली. सकाळपासून ज्याचं सगळ्यांनी ऐकलं असा तो पहिलाच माणूस होता. मागून कोणीतरी त्याचं नाव सुचवलं आणि विरोध करायला कोणाकडे कारण नव्हतं. कांद्याच्या शेतावर वाढलेला पोलिश घरचा मुलगा त्या खुर्चीवर बसला म्हणून त्याच्या आईने कोबीच्या पानात खिमा गुंडाळून एवढे गोलुम्पकी केले की गल्लीला पुरले.

खुर्चीची सवय माणसाच्या अंगात भिनते. घरी त्याची बायको डॉट विचारते की आज डुकराचे चॉप करू की मासे. कॅझ म्हणतो, दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. पडद्यांना निळं कापड घ्यावं की पिवळं, यावर तो दुकानात दोन्ही कापडांना सारखाच वेळ देतो. डॉट एकदा आमच्या घरी कॉफी पिताना म्हणाली होती की लग्न मी माणसाशी केलं होतं, संसार तराजूशी चाललाय. हे ती हसत म्हणाली होती, पण कप ठेवताना थोडा जोरात ठेवला.

आता कॅझ सत्तरीच्या पुढे आहे. गुडघे गेले, भट्ट्यांचा धंदा पुतण्याकडे दिला. सभापतीपण मात्र घ्यायला कोणी तयार नाही. दर निवडणुकीला तो सांगतो की यंदा दुसरं कोणीतरी बघा, आणि दर निवडणुकीला मतपत्रिकेवर त्याचं एकट्याचं नाव असतं. वरून त्याला जे दिसतं ते खाली बसलेल्यांना दिसत नाही. शाळेच्या बजेटपर्यंत खुर्च्या भरलेल्या असतात. ते झालं की आईबाप मुलांना घेऊन निघतात. जेवणाच्या सुट्टीनंतर आणखी निम्मे जातात. गटारं, पूल, पाण्याची टाकी, गावाच्या पुढच्या वीस वर्षांचे निर्णय होतात ते उरलेल्या पेंगुळलेल्या चाळीसएक माणसांच्या हाताने. त्यातली दहा पाणीखात्याची असतात. ते बघत बसणं हेच कॅझचं खरं काम, आणि त्यानेच तो दमला होता.

अशात गावाच्या नव्या कारभाराची सनद आली.

सनदेचं मूळ डेपो रोडवरच्या एका फुटलेल्या पाइपात आहे. दफनभूमीसमोर, एका जुन्या मेपलच्या मुळाशी, रस्त्याखाली पाइप फुटला. पाण्याचे अधिकारी लोकांनी निवडून दिलेले, झाडांचा अधिकारी वेगळा निवडून दिलेला, दफनभूमीचे विश्वस्त आणखी वेगळे, आणि रस्त्यांचा मुकादम पंचांनी नेमलेला. कोणी कोणाला हुकूम देऊ शकत नाही. पाणीवाले म्हणाले रस्ता खणा. मुकादम म्हणाला मुळं तोडल्याशिवाय खणता येत नाही. झाडवाला म्हणाला झाड दफनभूमीच्या हद्दीत आहे. विश्वस्तांची बैठक वसंतात असते. तोवर पाणी वाहिलं, गोठलं, पोरांनी त्यावर स्केटिंग केलं, आणि एका पोराचा दात पडला. त्या पोराची आई ब्रिजिट हार्टिग, बॉस्टनहून इथे राहायला आलेली वकील. तिने कोणावर फिर्याद केली नाही. तिने समिती काढली.

दोन वर्षं ती समिती दर मंगळवारी लायब्ररीच्या खालच्या खोलीत बसून गावाची घडी नव्याने घालत होती. सनदेत लिहिलं होतं की गावाने नऊ जणांचं मंडळ निवडायचं आणि मंडळाने एक पगारी मॅनेजर नेमायचा. पाणी, रस्ते, झाडं, दफनभूमी, सगळी खाती त्याच्या हाताखाली. बजेट त्याने मांडायचं, मंडळाने ते कापायचं. मंडळाला वाटलं तर मॅनेजरला काढता येईल, पण मंडळातल्या कोणी मॅनेजरच्या माणसांना परस्पर हुकूम द्यायचा नाही. पाइप फुटला तर कोणाला फोन करायचा, याचं उत्तर एका ओळीत मिळत होतं. गावसभेबद्दलही एकच ओळ होती, की ती यापुढे भरणार नाही. सभापतीचं तर नावही नव्हतं. नसलेल्या सभेला सभापती कशाला.

लोकांना "शहर" या शब्दाची धास्ती होती, म्हणून समितीने पहिल्याच कलमात लिहिलं की कायद्याने हे शहर असेल, पण त्याला हॅडवेल गाव असंच म्हटलं जाईल. यावर स्टॅश कुरोव्स्की एका जाहीर बैठकीत म्हणाला, "म्हणजे लग्न लावायचं आणि आडनाव माहेरचं ठेवायचं." ब्रिजिट हार्टिग म्हणाली, "मी ठेवलंय. नवरा अजून घरी येतो." त्या दिवशी स्टॅशसुद्धा हसला, पण सनदेला त्याचा विरोध वाढला.

स्टॅश हा डॉटचा भाऊ, म्हणजे कॅझचा मेहुणा, आणि त्याहून आधी कॅझचा शाळेतला दोस्त. नदीकाठी त्याचं शतावरीचं शेत आहे. मे महिन्यात शतावरी रोज कापावी लागते, एक दिवस चुकला तर कोंब काठीसारखे होतात, तरी स्टॅशने आजवर एक सभा चुकवलेली नाही. सनद मंजूर करायची म्हणजे आधी गावसभेनेच तिला होकार द्यायचा आणि मग ती बॉस्टनला राज्याच्या विधिमंडळाकडे पाठवायची. स्टॅश म्हणायचा, गळफासाला दोरी कुठली घ्यायची ते मलाच विचारतायत.

सभेच्या आदल्या आठवड्यात तो शतावरीची जुडी घेऊन कॅझच्या स्वयंपाकघरात आला. जुडी त्याने ओट्यावर टाकली आणि बसायच्या आधीच मुद्द्यावर आला. सभापतीला बोलायचंच असेल तर आमच्याकडे एक वाट आहे. त्याने हातोडी खाली ठेवायची, त्या विषयापुरता दुसरा सभापती निवडू द्यायचा, आणि खाली उतरून इतरांसारखं माइकपाशी रांगेत उभं राहायचं. सत्तावीस वर्षांत कॅझ एकदाही उतरला नव्हता.

"तू फक्त खाली ये," स्टॅश म्हणाला. "दोन मिनिटं. तू बोललास तर गाव ऐकेल. इतक्या वर्षांत दोन मिनिटं खर्च केली नाहीस, साठवून कुठे नेणार आहेस?"

कॅझ म्हणाला, "हं."

"हं नको. माझ्या भट्टीला पण तू हंच म्हणाला होतास, आणि ती जानेवारीत मेली."

मग तो बापाबद्दल बोलला. त्याचा बाप, डॉटचाही, त्या सभेत मोडक्यातोडक्या इंग्रजीत उभा राहिला होता. कांद्याच्या शेतात दरवर्षी पाणी भरायचं, रस्त्याखालून मोरी हवी होती. लोक त्याच्या उच्चारांना हसले, पण त्याचं बोलणं संपेपर्यंत त्याला खाली बसवण्याचा हक्क कोणालाच नव्हता. मोरी झाली. अजून आहे. स्टॅश म्हणाला की मॅनेजरच्या ऑफिसात बापाला आधी वेळ घ्यायला सांगितली असती. हे तो चढ्या आवाजात बोलला नाही, आणि म्हणून ते जास्त लागलं. कॅझनेही ती मोरी पाहिलेली होती.

ब्रिजिट हार्टिगही भेटली. पुतण्याला जमेना म्हणून कॅझ तिची भट्टी बघायला गेला होता. ती पायरीवर बसून म्हणाली की मिस्टर झग्रोडनिक, तुम्हाला मी सनदेबद्दल काही विचारणार नाही, ते बरं दिसत नाही. पाच मिनिटांनी तिने विचारलं. कॅझ भट्टीत बोलला ते तिला ऐकू आलं नाही. मग तीच बोलत राहिली, की दोन वर्षांत एकाही मंगळवारी मुलाला झोपवायला घरी नव्हते, आता मंजूर होवो की पडो, एकदा संपू दे. हे मात्र कॅझला नीट समजलं.

त्या संध्याकाळी जेवताना डॉटने त्याला सरळ विचारलं. हे मला डॉटनेच पुढे सांगितलं, आणि ती शब्द बदलणारी बाई नाही.

"तुला काय वाटतं, कॅझ? सभापतीला नाही विचारत, तुला विचारते."

त्याने शतावरीचा देठ काट्याने इकडून तिकडे केला. मग म्हणाला, "मला वाटतं सनद बरोबर आहे. पण मला ती पटलीय की मी दमलोय, हे कळत नाही. दोन्ही आतून सारखंच लागतं."

"स्टॅश बोलणार नाही तुझ्याशी."

"नाताळपर्यंत?"

"पुढच्या नाताळपर्यंत."

ही थट्टा नव्हती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आख्खं कुटुंब स्टॅशच्या टेबलाभोवती बसतं, पातळ पोळीचा तुकडा एकमेकांच्या हातून मोडून घेतात आणि वर्षभराचं सगळं सोडून देतात. त्या टेबलावरची खुर्ची जाणं म्हणजे काय ते आमच्याकडे सांगावं लागत नाही.

"मग गप्प बसतो," कॅझ म्हणाला.

"गप्प बसलास तर मी बोलणार नाही," डॉट म्हणाली आणि ताटं उचलून नेली.

सभेच्या दिवशी जिम शिगोशीग भरलं होतं. बाहेर सहावीच्या मुलांच्या आया सहलीसाठी बीन्स आणि ब्राउनी विकत होत्या. आत येणाऱ्या प्रत्येकाला मत द्यायचं पिवळं कार्ड मिळत होतं. मी मतं मोजणाऱ्यांत होतो, माझ्याकडे डावीकडच्या रांगा होत्या. पहिले तेरा विषय कॅझने नेहमीसारखे काढले. चौदावा विषय सनदेचा.

आमच्याकडे दोन माइक असतात. स्टेजकडे तोंड केलं तर डावीकडचा बाजूने बोलणाऱ्यांचा, उजवीकडचा विरोधात बोलणाऱ्यांचा. त्यामुळे माणूस तोंड उघडायच्या आधीच कुठल्या गटातला ते सगळ्या गावाला कळतं. ब्रिजिट डावीकडून बोलली. कागद न बघता, पाइपाचं नावही न घेता, फक्त एवढंच की कोणाच्या हातात काय आहे हे माणसाला कळलं पाहिजे. स्टॅश उजवीकडून बोलला. पहाटेपासून शतावरी कापून आला होता, नखांत माती होती. त्याने बापाची मोरी सांगितली. दोघंही इतकं चांगलं बोलले की लोक वैतागले, कारण आता विचार करावा लागणार होता. पाठोपाठ आणखी काही जण बोलले. ते इतकं चांगलं बोलले नाहीत, त्यामुळे जरा बरं वाटलं.

मग कॅझने हातोडी टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाला, "सभापतीला या विषयावर बोलायचं आहे. तात्पुरता सभापती निवडावा."

विणकाम करणाऱ्या बायकांचे हात थांबले. गावची क्लार्क वांडा एकदम उभी राहिली, कारण अशा वेळी निवड तिने घ्यायची असते आणि तिने ती आयुष्यात एकदाच घेतली होती, कॅझचं पित्ताशय काढलं त्या वर्षी. तेव्हा स्टॅशला बसवलं होतं. मागून कोणीतरी आताही स्टॅशचंच नाव घेतलं. सुचवणाऱ्याचा निम्मा हेतू खोडसाळपणाचा असणार. खुर्चीवर बसलेल्याला बोलता येत नाही, मत देता येत नाही, आणि विरोधकांचा म्होरक्या खुर्चीवर गेला तर त्याचं तोंड आपसूक बंद. पण ज्याने गावसभेची एवढी बाजू घेतली तो गावसभेला नाही कसं म्हणणार? स्टॅश उठला.

स्टेजच्या पायऱ्या अरुंद आहेत. एक उतरत होता, एक चढत होता, आणि दोघंही वजनदार, त्यामुळे ते मध्येच अडकले. स्टॅशने कॅझच्या दंडावर हात ठेवला आणि हसून काहीतरी म्हणाला. त्याची समजूत अशी होती की कॅझ त्याच्यासाठी उतरलाय.

कॅझ खुर्च्यांच्या मधल्या वाटेने चालत आला. गुडघ्यामुळे त्याला वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ सगळं गाव त्याच्या बुटांकडे बघत होतं. वाट संपते तिथे तो थांबला. मग आमच्या डाव्या हाताला वळला आणि सनदेच्या बाजूच्या माइकपाशी, आधी उभ्या असलेल्या दोघांच्या मागे, रांगेत उभा राहिला.

मी स्टॅशकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही. नंतर वांडा म्हणाली की त्याने हातोडी उचलली आणि तिच्याकडे असा बघत राहिला, जणू ती कशाची केलीय हे त्याला आत्ताच कळतंय.

पुढचे दोघे बोलून बसले. कॅझ माइकपाशी आला. आणि त्याच क्षणी पहिल्या रांगेतून लॅथ्रॉपबाई उठल्या. प्रुडन्स लॅथ्रॉप, नव्वदीच्या, निवृत्त शिक्षिका. त्या दरवर्षी प्रत्येक विषयाला ठरावीक वेळाने उठून एकच ठराव मांडतात, की चर्चा पुरे झाली, मत घ्या. त्यांच्या पाठीमागे कोण उभं आहे हे त्या बघत नाहीत. त्यांनी ठराव मांडला, कोणीतरी सवयीने अनुमोदन दिलं. बाहेरून बीन्सचा वास येत होता, लोकांना भूक लागली होती. स्टॅशने तो ठराव मताला टाकला असता तर दोन तृतीयांश कार्डं हसतहसत वर गेली असती. कॅझ तोंड न उघडता परत फिरला असता, आणि स्टॅशकडे बोट दाखवायला कोणालाही जागा नव्हती. ठराव रीतसर होता. दोष असलाच तर लॅथ्रॉपबाईंचा होता, आणि नव्वदीच्या बाईला कोण दोष देतो?

कॅझने माइकवरून हात काढून घेतला होता. तो परत फिरायच्या तयारीतच होता. मला तर वाटतं त्याच्या चेहऱ्यावर थोडं हायसं वाटल्यासारखं काहीतरी होतं.

स्टॅशने हातोडी हातात उलटीसुलटी केली. मग घसा खाकरून म्हणाला, "माइकपाशी माणूस उभा असताना मी हा ठराव घेणार नाही. या गावात तशी रीत नाही."

"मग त्याला सांगा थोडक्यात आटप," लॅथ्रॉपबाई म्हणाल्या. "तिसरीत पण हा लांबण लावायचा."

"सभापती त्याला थोडक्यात आटपायला सांगत आहेत," स्टॅश म्हणाला. कॅझकडे न बघता.

"कॅझिमिर झग्रोडनिक, मेपल स्ट्रीट," कॅझ म्हणाला. नाव आणि पत्ता सांगायचा नियम आहे, आणि लोक हसले, कारण ज्याने सत्तावीस वर्षं सगळ्यांना नाव-पत्ता विचारला त्याचा पत्ता आज पहिल्यांदा ऐकत होते. तो हसला नाही.

"सभापती महोदय, मी सनदेच्या बाजूने आहे," तो म्हणाला. "का ते मला नीट सांगता येणार नाही, सवय नाही. तुमच्या वडिलांची मोरी मला माहीत आहे. तिच्यासाठी मत द्यायला जिम भरलं होतं. आता मोरीचा विषय येतो तेव्हा इथे कोण बसलेलं असतं ते मला वरून दिसतं. ज्याच्या शेतात पाणी भरतं तो असतो, आणि ज्यांना घरी जायचंय ते असतात. माणसं वाईट नाहीत. दमलेली आहेत. मीही दमलोय. सकाळपासून वाटतंय की हे मी गावासाठी बोलतोय की माझ्या गुडघ्यांसाठी. तुम्हीच ठरवा. तुम्ही जे ठरवाल त्याच्यावर मी रागावणार नाही. रागवायचं कसं तेही मी विसरलोय." तो थांबला. "एवढंच," म्हणाला.

दोन मिनिटंही झाली नव्हती.

मग मतं घेतली. सनदेच्या बाजूची कार्डं मोजून झाली, विरोधाची वर गेली, आणि मी माझ्या रांगांतून बोट दाखवत मोजू लागलो. बेकरीवाली आयरीन, जिला मी दोन वर्षं सनदेचं गुणगान करताना ऐकलं होतं, ती डोळे पुसत विरोधात कार्ड धरून बसली होती. मी थबकलो. ती म्हणाली, "बिचारा किती सुंदर बोलला. असा माणूस घालवायचा? मॅनेजर असं बोलेल का कधी?" तिच्या मागचा म्हातारा मान डोलावत होता, त्याचंही कार्ड वर. त्या एका रांगेत असे चौघं मिळाले. कॅझने त्यांना सोडवा म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांना त्याच्यावर एवढी माया आली की त्यांनी त्याला आणखी घट्ट धरून ठेवलं.

सनद अकरा मतांनी पडली.

ब्रिजिट हार्टिगने कागद पिशवीत घातले. ती कॅझपाशी आली, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आज मंगळवार नाही, तरी मी मुलाला झोपवणार आहे." आणि बीन्स न घेताच निघून गेली.

रीतीप्रमाणे विषय संपला की सभापतीने वर जायचं आणि हातोडी परत घ्यायची. स्टॅश स्टेजवर उभा होता, हातोडी पुढे धरून. तो जिंकला होता, पण जिंकलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. सगळं गाव वाट बघत होतं. कॅझ माइकपाशीच उभा. त्याने त्या पायऱ्यांकडे पाहिलं. पाच पायऱ्या आहेत, मी कधी मोजल्या नव्हत्या, त्या दिवशी त्याच्या नजरेने मोजल्या. मग तो वळला, तिसऱ्या रांगेत डॉटच्या शेजारची खुर्ची रिकामी होती तिथपर्यंत गेला आणि बसला. सत्तावीस वर्षांत तो खालच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसला होता. खुर्ची करकरली. डॉटने मांडीवरची ब्राउनी मोडून अर्धी त्याच्या हातात दिली.

हे नियमाला धरून नव्हतं. सभापती हजर असताना तात्पुरत्याने पुढचा विषय घ्यायचा नसतो. एकाने उठून हरकत घेतली असती तर कॅझला वर जावंच लागलं असतं. आमच्या गावात तर स्वल्पविरामावर हरकत घेणारी माणसं आहेत. मी लॅथ्रॉपबाईंकडे पाहिलं. त्या विणकामाचे टाके मोजत होत्या.

स्टॅशने हात मागे घेतला. आपल्या मेहुण्याकडे एकदा पाहिलं, चष्मा लावला आणि खुर्चीत बसला. "विषय पंधरावा," तो म्हणाला. "दफनभूमीसाठी गवत कापायचं नवं यंत्र."

यंत्रावर कोणी बोललं नाही. बाजूची कार्डं वर झाली, सगळं जिम पिवळं दिसलं. मग स्टॅशने रीत म्हणून विचारलं, विरोधात कोणी? आणि तिसऱ्या रांगेत एकच कार्ड वर गेलं. कार्डाच्या कडेला चॉकलेट लागलं होतं.

स्टॅशने चष्म्यावरून पाहिलं. मी एक मोजलं.

"का रे?" डॉटने हळूच विचारलं. "यंत्राने तुझं काय घोडं मारलंय?"

"काही नाही," कॅझ म्हणाला. "कसं वाटतं ते बघत होतो."